मूळ ‘मणिचित्रताळू’ आणि हिंदी ‘भूल भुलैया’: घटना सगळ्या आल्या, पण गंगा आली का?

मृण्मयी :
‘भूल भुलैया’ हा २००७ सालचा हिंदी चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी घरच्या टीव्हीवर कधी अर्धा, कधी पूर्ण असा पुष्कळदा पाहिलेला असतो. तो १९९३ साली आलेल्या ‘मणिचित्रताळू’ या मल्याळम चित्रपटाचा रिमेक आहे, हेही आता अनेकांना ठाऊक आहे. २०२४ साली मूळ चित्रपटाची नव्याने स्वच्छ केलेली प्रत चित्रपटगृहांत आली आणि त्यावर पुन्हा बोलणे सुरू झाले. त्या निमित्ताने मी दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले आणि माझे जे मत झाले ते इथे मांडते आहे. रहस्य उघड केल्याशिवाय हे लिहिता येणार नाही, त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिले नसतील त्यांनी आधी ते पाहावेत आणि मग इकडे वळावे.

रिमेकमध्ये मूळ चित्रपटातली जवळजवळ प्रत्येक मोठी घटना आहे. कुलूपबंद दालन आहे, चोरून करून घेतलेली किल्ली आहे, रात्री वाजणारे पैंजण आहेत, एका हाताने उचललेला पलंग आहे आणि अखेरीस फळी उलटवून माणसाच्या जागी बाहुला आणण्याची युक्तीसुद्धा आहे. परंतु नायिका गंगा ज्या कारणाने स्वतःला नागवल्ली ही जुन्या काळची मृत नर्तकी समजू लागते, ते कारण मूळ चित्रपटात आपल्या मनात जसे हळूहळू मुरत जाते तसे हिंदीत मुरत नाही. गंगेचे आईवडील कलकत्त्याला असतात आणि ती गावी आजीपाशी वाढते. ऐन परीक्षेच्या वेळी ते तिला न्यायला येतात आणि त्या धक्क्याने तिचे मन पहिल्यांदा ढळते. लग्नानंतर नवरा चांगला मिळतो, पण तो कामात इतका बुडालेला असतो की ती पुन्हा एकटीच पडते. अशी मुलगी एका अनोळखी, अवाढव्य घरात येते, तिथे जुन्या काळी मारल्या गेलेल्या नर्तकीची गोष्ट ऐकते आणि तिची कणव करू लागते. ती त्या दालनात पाऊल टाकते तेव्हा आपण तिच्या बाजूचे झालेले असतो.

हिंदीतल्या अवनीलाही भूतकाळ आहे, पण तो निदान सांगून मोकळे व्हावे तसा घाईने येऊन जातो. त्यामुळे मंजुलिकेची, म्हणजे हिंदीतल्या त्या नर्तकीची, भीती वाटते आणि अवनीविषयी मात्र फारसे काही वाटत नाही. मूळ चित्रपटात भीती आणि दुःख ही दोन्ही एकाच क्षणी वाटतात, आणि माझ्या मते त्या चित्रपटाचे सारे बळ तिथेच आहे. आपल्याला काय वाटते?

पर्वतीकर :
मृण्मयी, आपले निरीक्षण नेमके आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. एक गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. ‘मणिचित्रताळू’चे दिग्दर्शक फाझिल असले, तरी त्यांनी चित्रीकरणाचा काही भाग सिबी मलयिल, सिद्दिक-लाल आणि प्रियदर्शन यांच्याकडे सोपवला होता. पुढे ‘भूल भुलैया’ दिग्दर्शित करणारे प्रियदर्शन हेच. म्हणजे रिमेक करणारा माणूस मूळ कलाकृतीच्या स्वयंपाकघरात वावरलेला होता. त्याने जे गाळले ते न कळल्यामुळे गाळले, असे म्हणता येणार नाही. हिंदी प्रेक्षकाला कोणत्या वेगाने गोष्ट सांगावी, याचा त्याने विचारपूर्वक निर्णय घेतला.

दुसरे असे की, विनोदामुळे हिंदी चित्रपट उथळ झाला असे पुष्कळ जण म्हणतात. आपण तसे म्हटलेले नाही, पण कोणीतरी म्हणेलच. मूळ चित्रपटातही विनोद मुबलक आहे. इनोसंट, पप्पू, के. पी. ए. सी. ललिता आणि नेडुमुडी वेणू यांनी पूर्वार्धाचा मोठा भाग व्यापला आहे आणि मोहनलाल यांचा डॉक्टर सनी तर येतो तोच थट्टामस्करी करत.

गंधाली :
पर्वतीकर, विनोद दोन्हीकडे आहे हे खरे, पण त्याचे काम दोन्हीकडे वेगळे आहे. मूळ चित्रपटातली हसवणारी माणसे स्वतः मनापासून घाबरलेली आहेत. त्यांच्या घाबरण्यामुळे आपल्याला हसू येते आणि त्याच वेळी, इतकी मोठी माणसे घाबरतात म्हणजे काहीतरी असले पाहिजे, असेही वाटत राहते. हिंदीत परेश रावल, राजपाल यादव आणि असरानी यांचे प्रसंग स्वतंत्रपणे उत्तम आहेत, पण ते संपल्यावर भीतीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता मृण्मयी यांच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण मला पलंगाच्या प्रसंगाविषयी सविस्तर लिहायचे आहे. माझ्या मते दोन्ही चित्रपटांची खरी तुलना तिथेच करता येते.

मूळ चित्रपटात गंगा दागिन्यांच्या खरेदीसाठी बाहेर जायला निघालेली असते. डॉक्टरच्या सांगण्यावरून नवरा तिला अडवतो. सुरुवातीला ती एखाद्या रुसलेल्या बायकोसारखी वाद घालते. आपण जाऊ देणार नाही का, असे ती विचारते आणि त्या विचारण्यातच तिचा स्वर खाली उतरतो, नजर स्थिर होते आणि मल्याळम बोलता बोलता ती तमिळ बोलू लागते. आज दुर्गाष्टमी आहे, तुला मारून तुझे रक्त पिऊन नाचेन, असे ती म्हणते आणि जड पलंग एका हाताने उचलते. नवरा जिवाच्या आकांताने ‘गंगा’ अशी हाक मारतो. त्यासरशी ती भानावर येते आणि आपल्या हातून काय झाले हे तिला अजिबात ठाऊक नसते. शोभना यांनी यात बटबटीत असे काहीही केलेले नाही. बदल नेमका कुठे झाला ते शोधायला मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला, पण ती रेषा सापडत नाही.

हिंदीत विद्या बालन यांनी हाच प्रसंग ताकदीने केला आहे आणि तो मला आवडतो. फरक इतकाच की, तिथे पार्श्वसंगीत, कॅमेरा आणि प्रकाश हे तिघे मिळून बदल आता होणार हे आपल्याला आधीच सांगून ठेवतात.

टिळकरोड :
हिंदी चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शाळेत होतो आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एकटा गेलो नाही. तुलना नंतर करावी, पण भीती वाटली होती हे नाकारता येत नाही.

स्वरवेल्हाळ :
संगीताविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

‘मणिचित्रताळू’ची गाणी एम. जी. राधाकृष्णन यांची आणि पार्श्वसंगीत जॉन्सन यांचे. त्यातले येसुदास यांनी गायलेले ‘पळंतमिळ पाट्टिळयुम’ हे गीत आहिरी रागात बांधलेले आहे. हा कर्नाटक पद्धतीतला आहिरी, आपल्याकडचा अहिर भैरव नव्हे. सकाळी आहिरी गायला तर त्या दिवशी अन्न मिळत नाही, अशी एक समजूत त्या परंपरेत आहे आणि त्यामुळे गवई हा राग जपूनच हाताळतात. ज्या घरातले एक दालन उघडायचे नसते, त्या घराच्या गोष्टीसाठी असा राग निवडणे ही मला फार मोठी सांगीतिक समज वाटते.

हिंदीत प्रीतम यांच्या ‘मेरे ढोलना’मध्ये श्रेया घोषाल यांच्याबरोबर जो पुरुषस्वर आहे, तो एम. जी. श्रीकुमार यांचा. श्रीकुमार हे राधाकृष्णन यांचे धाकटे बंधू. प्रियदर्शन यांनी मूळ चित्रपटाशी हा धागा जाणीवपूर्वक राखला असावा, असे मला मनापासून वाटते. सवाईच्या मंडपात बसणाऱ्या कानांनाही या गाण्यातल्या ताना आणि सरगम खटकणार नाहीत. चित्रपटाच्या बाकी भागाविषयी काहीही म्हणा, पण या एका गाण्यात रिमेक मूळ चित्रपटाच्या बरोबरीने उभा राहतो.

गंधाली :
स्वरवेल्हाळ, गाण्याविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. नृत्याविषयी मात्र नाही. शोभना भरतनाट्यमच्या कसलेल्या नर्तकी आहेत. ‘ओरु मुरै वंदु पार्त्ताया’मध्ये एकीकडे गंगेच्या मनातला दरबार आणि दुसरीकडे धूळ खात पडलेले दालन असे आलटून पालटून दिसते. दोन्हीकडे त्यांची पावले तितकीच शुद्ध पडतात, पण दालनातल्या नृत्यात अंगावरचा तोल सुटलेला असतो. हा फरक ज्याच्या अंगात नृत्य आहे त्यालाच दाखवता येतो.

पर्वतीकर :
ते मान्य आहे. परंतु एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. नागवल्लीचा तमिळ आवाज शोभना यांचा नाही, तो दुर्गा सुंदरराजन यांनी दिला आहे आणि गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी यांचा आहे. मूळ व्यक्तिरेखा तीन स्त्रियांनी मिळून उभी केली. विद्या बालन यांनी अवनी आणि मंजुलिका या दोघींना स्वतःचाच आवाज दिला. अभिनयाची तुलना करताना हेही तराजूत टाकले पाहिजे.

डॉ_सुहास :
मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. चित्रपटात ज्याला दुभंगलेले व्यक्तिमत्त्व म्हटले आहे, त्याला आज आम्ही डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतो. शत्रूचा बाहुला कापायला दिल्याने हा आजार बरा होत नाही. त्यावरचे उपचार दीर्घकाळ चालतात आणि ते मुख्यतः बोलण्यातून, विश्वासातून होतात. लहानपणीचा आघात हे त्याचे मूळ असू शकते, हे मात्र चित्रपटाने बरोबर धरले आहे. म्हणूनच मृण्मयी यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. बालपणाचा भाग घाईने उरकला, तर उरते ते केवळ अंगात येणे.

आमच्याकडे येणाऱ्या कित्येक स्त्रियांना आधी देवऋषाकडे नेलेले असते. त्यांना कोंडलेले असते, मारलेले असते. १९९३ सालच्या एका लोकप्रिय चित्रपटाने अशा स्त्रीला चेटकीण न ठरवता रुग्ण मानले आणि तिला बरे करून घरी पाठवले, याचे मोल फार मोठे आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तांत्रिकाची व्यक्तिरेखा. तिलकन यांनी साकारलेला ब्रह्मदत्तन नंबूदिरीपाद घरात येतो तेव्हा आपल्याला वाटते की आता डॉक्टर आणि मांत्रिक यांची जुंपणार. प्रत्यक्षात तो डॉक्टरला ओळखतो, त्याच्या विद्येचा आदर करतो आणि त्याच्या योजनेत स्वतःचे विधी उपयोगाला देतो.

हिंदीत ही भूमिका आपल्या विक्रम गोखले यांनी केली आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातच निधन पावलेल्या या नटाने त्या मोजक्या प्रसंगांना जे वजन दिले आहे, त्यामुळे रिमेकमधला तो भाग मूळ चित्रपटाच्या अगदी जवळ पोहोचतो. डोळ्यांनी ऐकणारा नट असे त्यांच्याविषयी म्हणावेसे वाटते.

अविनाश_सहकारनगर :
डॉक्टर, आपला आदर राखून मतभेद नोंदवतो. ज्या शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्या शहरात राहून मला या दोन्ही चित्रपटांचा शेवट टोचतो. आधी सगळे मानसिक आहे असे सांगायचे आणि अखेरीस होमहवन, रेखाटलेली मंडले, धूर आणि मंत्र यांच्या साक्षीनेच ती बरी होते असे दाखवायचे, याला काय म्हणावे? चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे शेवटी विधीच राहतो.

डॉ_सुहास :
अविनाश, आपली तळमळ मी समजू शकतो. तरी शेवटचा प्रसंग पुन्हा पाहावा, अशी विनंती करतो. तिथला विधी हा देखावा आहे, हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते. फळी कशी उलटते आणि बाहुला कुठून येतो, हे आपल्यापासून लपवलेले नाही. नागवल्ली जे जग खरे मानते, त्या जगाच्या आत शिरून डॉक्टर तिचा सूड पुरा करून देतो. रुग्णाशी वाद घालत बसण्यापेक्षा त्याच्या अनुभवाला वाट करून देणे, हा विचार चुकीचा नाही. त्याची चित्रपटातली अंमलबजावणी नाट्यमय आहे, एवढेच.

अविनाश_सहकारनगर :
देखावा आहे हे आपल्यासारख्यांना दिसते. मला माझ्या आजोळच्या गावातले प्रेक्षक डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे मी माझ्या मतावर कायम आहे, पण तांत्रिकाची व्यक्तिरेखा सभ्य आणि समजूतदार आहे, हा आपला मुद्दा स्वीकारतो.

जुना_प्रेक्षक :
धागा फार चांगला चालला आहे. मी एक वेगळाच मुद्दा मांडतो.

या कथेचे कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ (२००४), तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ (२००५) आणि नंतर हिंदीत ‘भूल भुलैया’ असे रिमेक झाले. पहिले दोन्ही पी. वासू यांनी दिग्दर्शित केले. ‘आप्तमित्र’मध्ये गंगेची भूमिका करणाऱ्या सौंदर्या यांचा तो चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, एप्रिल २००४ मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. ‘चंद्रमुखी’ रजनीकांत यांचा चित्रपट म्हणून गाजला, पण लक्षात राहिल्या त्या ज्योतिका.

या सगळ्या चित्रपटांत मारली गेलेली नर्तकी परभाषिक आहे. केरळच्या घरात ती तंजावरहून आणलेली तमिळ स्त्री आहे, कन्नड आणि तमिळ चित्रपटांत तेलुगू आणि हिंदीत बंगाली. सत्ताधाऱ्याने तिला तिच्या मुलखातून उचलून आणले आहे आणि तिची भाषा बोलणारे त्या घरात कोणी नाही. गंगासुद्धा त्या घरात परकीच आहे. दोघींना जोडणारा धागा हा परकेपणाचा आहे. मूळ चित्रपटात तमिळ आणि मल्याळम या शेजारच्या भाषा असल्यामुळे नागवल्ली काय बोलते ते घरातल्या माणसांना कळते आणि कळते म्हणूनच त्यांचा थरकाप होतो. हिंदीतली बंगाली मात्र वातावरणनिर्मितीपुरती उरली आहे, असे माझे मत आहे.

आणि आता खास आपल्या जिव्हाळ्याचा भाग. पटकथाकार मधू मुट्टम यांना ही कथा केरळमधल्या अलुमूट्टिल घराण्यात एकोणिसाव्या शतकात घडलेल्या एका शोकांतिकेवरून सुचली. त्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावर कोणाचे होते? भोसल्यांचे. व्यंकोजीराजांनी उभे केलेले ते राज्य १८५५ साली खालसा होईपर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारातच चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी आजच्या भरतनाट्यमच्या प्रयोगाची घडी बसवली आणि त्यांपैकी वडिवेलू पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ यांच्या दरबारी गेले. म्हणजे तंजावरची नृत्यकला केरळात जाण्याची वाट कल्पित नाही. नागवल्ली नावाची कोणी खरोखर असती, तर ती मराठी राजांच्या राज्यातून निघालेली असती.

गंधाली :
जुना_प्रेक्षक, या प्रतिसादासाठी आपले मनःपूर्वक आभार. हा चित्रपट इतक्या वेळा पाहूनही तंजावर आणि भोसले हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

सोपानबाग :
रिमेकचा विषय निघालाच आहे, तर आपल्या ‘लपाछपी’चा उल्लेख झाला पाहिजे. २०१७ साली चित्रपटगृहांत आलेला हा मराठी चित्रपट विशाल फुरिया यांनी दिग्दर्शित केला आणि पुढे त्यांनीच २०२१ साली ‘छोरी’ या नावाने त्याचा हिंदी रिमेक केला. दिग्दर्शक एकच, उसाच्या फडातले एकाकी घर तेच, गरोदर नायिका तीच आणि स्त्रीभ्रूणहत्येचा विषयही तोच. पूजा सावंत यांच्या जागी नुसरत भरुचा आल्या आणि उषा नाईक यांच्या जागी मीता वशिष्ठ.

मला दोन्ही चित्रपट आवडतात, पण भीती वाटली ती ‘लपाछपी’ची. उषा नाईक यांची तुळसाबाई ज्या मायेने वाढते, विचारपूस करते आणि त्याच स्वरात हुकूम सोडते, तशी बाई आपल्या नात्यागोत्यात कुठेतरी भेटलेली असते. शिवाय उसाची भीती आमच्यासाठी पडद्यापुरती नाही. माझे गाव जुन्नर तालुक्यात आहे. तिथे बिबटे उसातच राहतात, तिथेच पिल्ले घालतात आणि संध्याकाळनंतर फडाच्या कडेने एकटे जाऊ नकोस, हे प्रत्येक मुलाला सांगितले जाते. पाने सळसळली की पाय आपोआप थांबतात. हिंदी चित्रपटातला ऊस अधिक सुंदर टिपला आहे, पण तो पाहताना माझे पाय थांबले नाहीत.

पर्वतीकर :
सोपानबाग, आपण नकळत माझीच बाजू मांडलीत. जुन्नरच्या माणसाला ‘लपाछपी’ जवळची वाटते, पण तो ऊस ज्याने पाहिलेला नाही त्याच्यासाठी ‘छोरी’ पुरेशी भीतिदायक आहे. प्रत्येक रिमेक नव्या प्रेक्षकासाठी केलेला असतो आणि त्या प्रेक्षकाच्या वतीने त्याचा न्याय व्हायला हवा.

मृण्मयी :
पर्वतीकर, ‘नवा प्रेक्षक’ हे उत्तर मला अपुरे वाटते. एकटेपणाने मोडत चाललेली, शिकलेली, वाचन करणारी तरुण बायको ही केरळपुरती गोष्ट आहे का? ती उत्तरेतही आहे आणि आपल्या कोथरूडमधल्या बंद दारांमागेही आहे. जे सर्वांना कळले असते तेच रिमेकने आखडले आणि जे स्थानिक होते, म्हणजे महाल, दरबार आणि नर्तकी, ते मात्र अधिक भव्य केले. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

आणि याचा परिणाम पुढे दिसलाच. २०२२ साली आलेल्या दुसऱ्या भागात खरोखरचे भूत आहे. ज्या कथेने भूत नसून दुखावलेले मन आहे असे सांगितले, तिच्याच नावावर भुताची गोष्ट खपवली गेली. पहिल्या भागात अवनी पुरेशी जिवंत झाली असती, तर मंजुलिका हे नाव असे सुटे काढून वापरता आले नसते. दुसरा भाग प्रियदर्शन यांचा नाही, अनीस बाझमी यांचा आहे, हे खरे. परंतु त्याची वाट पहिल्या भागानेच मोकळी करून दिली.

पर्वतीकर :
दुसऱ्या भागाविषयी मी आपल्याशी शब्दशः सहमत आहे. त्याचे समर्थन मी करणार नाही.

नातूबाग :
कोणीतरी विचारावे म्हणून इतका वेळ थांबलो होतो, आता मीच विचारतो. ही कथा मराठीत करायची झाली तर?

घर म्हणून पुण्यातला पेशवेकालीन वाडा घ्यावा. दिंडी दरवाजा, चौक, सोपा, माजघर, वर जाणारा अंधारा जिना आणि मागच्या चौकातली एक कायम बंद असलेली खोली. आमच्या आळीत असे वाडे मी लहानपणी पाहिले आहेत. आता बहुतेक पडून तिथे इमारती उभ्या राहिल्या. नर्तकी म्हणून लावणी गाणारी नको, कारण जुना_प्रेक्षक यांनी म्हटल्याप्रमाणे ती परकी असली पाहिजे. तंजावरहून आलेली असावी. ती मोडके मराठी बोलेल आणि वाड्यातल्या बायका तिच्या बोलण्याची नक्कल करतील. घाबरवण्याआधी तिचा अपमान दाखवता येईल.

या शहराला अशी आठवण नवी नाही. बाहेरून आलेल्या, घराण्याने कधीच पूर्णपणे न स्वीकारलेल्या मस्तानीच्या कोथरूडच्या महालाचा भाग आज बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभारलेला आहे. तिथले कोरीव खांब आणि मंद उजेड पाहताना ‘मणिचित्रताळू’मधले दालन मला हटकून आठवते. मूळ चित्रपटाचे चित्रीकरण त्रिपुणितुराचा हिल पॅलेस आणि पद्मनाभपुरमचा राजवाडा अशा खऱ्या वास्तूंमध्ये झाले होते, म्हणून त्यातल्या लाकडाला वय आहे.

टिळकरोड :
नातूबाग, गुरुजींच्या भूमिकेला विक्रम गोखले आता नाहीत, ही उणीव कशी भरून काढणार?

नातूबाग :
ती भरून निघणार नाही.

अविनाश_सहकारनगर :
मराठीत करायचे झाल्यास शेवट बदलावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. होम नको. डॉक्टरने तिला बोलते करावे आणि वाड्यातल्या माणसांनी, विशेषतः नवऱ्याने, ते बसून ऐकावे.

गंधाली :
अविनाश, आपली सूचना मला आवडली, पण सूडाची आग तशीच ठेवून केवळ बोलण्यावर प्रेक्षक शांत होईल का, याची शंका वाटते. नागवल्लीवर अन्याय झाला आहे. तिने तो बाहुला कापला तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते आणि ते समाधान तिच्याकडून काढून घ्यावेसे मला वाटत नाही.

मृण्मयी यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. अवनीमध्ये गंगा अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. पलंग खाली ठेवल्यावर विद्या बालन ज्या गोंधळलेल्या, लहान मुलासारख्या नजरेने नवऱ्याकडे पाहतात, त्या क्षणापुरती ती तिथे आहे. पटकथेने तिला आणखी जागा दिली असती, तर विद्या यांनी ती नक्की भरली असती.

मृण्मयी :
गंधाली, त्या नजरेविषयी आपले म्हणणे पटले आणि तेवढ्यापुरते माझे मत मी मवाळ करते. अभिनेत्रीविषयी माझी तक्रार नव्हतीच, ती पटकथेविषयी होती आणि ती कायम आहे. ‘आप्तमित्र’ मी अजून पाहिलेला नाही. सौंदर्या यांची गंगा या दोघींपेक्षा वेगळी आहे का, हे ज्यांनी तो पाहिला असेल त्यांनी कृपया लिहावे. इतर रिमेकच्या तुलनेत तिथे गंगेच्या बालपणाला किती वेळ दिला आहे, हे मला विशेषकरून जाणून घ्यायचे आहे.

जुना_प्रेक्षक :
पाहिला आहे, पण बऱ्याच वर्षांपूर्वी. या शनिवारी पुन्हा पाहतो आणि बालपणाचा भाग लक्ष देऊन पाहून इथेच सविस्तर लिहितो.